मिठाच्या रांजणावरचा डबा

माझ्या बहिणीचा उजवा हात माझ्यामुळे गेला. ते होत असताना माझ्याकडून मोजमापाची एकही चूक झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटेल.

मी रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत गोळ्या तपासतो. तपासतो म्हणजे गोळीच्या पट्टीवर जेवढं औषध छापलंय तेवढं गोळीत आहे का, ते बघतो. वीस गोळ्या घ्यायच्या, वजन करायचं, खलात घालून पूड करायची, पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून गाळायची आणि त्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवातून ठरावीक उजेड आरपार सोडायचा. औषध जितकं जास्त तितका उजेड अडतो. अडलेल्या उजेडाचा आकडा येतो, त्यावरून हिशेब करायचा. याला आम्ही अ‍ॅसे म्हणतो. शंभरच्या आसपास आकडा आला की गोळी पास. दुसरं एक काम म्हणजे पट्ट्या निळ्या पाण्यात बुडवून वरची हवा खेचून घेणं. पट्टीला सुईच्या टोकाएवढं जरी भोक असलं तरी आत निळं पाणी शिरतं आणि आम्ही अख्खी बॅच अडवतो. बाहेरची हवा गोळीला लागता कामा नये.

नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षं मी नवी मुंबईत रक्तातली औषधं मोजणाऱ्या लॅबमध्ये होतो. माणसाला गोळी द्यायची, ठरावीक वेळाने रक्त काढायचं, ते गरगर फिरवून त्यातला पिवळा द्रव वेगळा करायचा, त्यातली प्रथिनं खाली बसवायची आणि उरलेलं एका बारीक नळीतून पुढे ढकलायचं. नळीतून प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर त्याचा डोंगर उठतो. डोंगर केवढा त्यावरून औषध किती. मला ते काम फार आवडायचं. माणूस खोटं बोलतो, रक्त बोलत नाही, असं आमचे तिथले साहेब म्हणायचे. मी ते वाक्य उचललं आणि वीस वर्षं जिथे तिथे लोकांच्या तोंडावर फेकत आलो. लग्नात, मयतीत, डॉक्टरच्या केबिनबाहेर. बायको म्हणते, तुम्हाला कुणी विचारलं होतं का. कुणी विचारलेलं नसायचं.

घर माझं कासूचं. म्हणजे कासूला गाडीतून उतरायचं आणि खाडीच्या अंगाला चालत जायचं. वडील मिठागरात होते, आईही होती. आता ती मिठागरं राहिली नाहीत, वडीलही नाहीत. पण आमच्या घरात अजून वर्षाचं मीठ एकदम भरतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीचा मोठा रांजण, त्यात जाडं मीठ, त्यावर लाकडी झाकण. मिठाला आमच्याकडे फार मान. खरकट्या हाताने त्याला शिवायचं नाही, पोरांनी त्याच्याशी खेळायचं नाही. म्हणून घरातली जपायची वस्तू त्या झाकणावर ठेवायची पद्धत. रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, माझं दहावीचं मार्कशीट, सगळं कधी ना कधी त्या झाकणावर राहिलेलं आहे. तिथून काही हरवत नाही.

बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. शाळेत असताना तिला पहिला झटका आला. फिट. नंतर येत राहिले. गावात काय काय उपाय सांगितले गेले ते आता नको. पेणच्या डॉक्टरांनी कार्बामॅझेपिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि हळूहळू झटके थांबले. अडीच वर्षं एकही आला नाही. त्या अडीच वर्षांत पोरीने काय केलं, तर पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला लागली. आधी पॉलिशपेपर घासायला, मग अंगाचा रंग मारायला, मग दागिन्यांवर सोनेरी फिरवायला. आणि मग मालकाने तिच्या हातात आखणीचा ब्रश दिला.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यात शंभर माणसं असली तरी आखणी करणारे तीनचार. श्वास धरून एका ओढीत भुवई, मग पापणीची रेघ, मग बुबुळ. एक डोळा झाला की दुसरा त्याच्या जोडीचा यायला हवा. एका ओळीतल्या मूर्ती एकाच हाताने करायच्या असतात, दुसऱ्याने मधे हात घातला तर नजर जुळत नाही. माझ्या बहिणीने काढलेले डोळे मी ओळखायचो. जरा खाली बघणारे, शांत. मी एकदा तिला चिडवलं की तुझे गणपती झोपाळलेले दिसतात. ती म्हणाली, "दादा, तू यंत्रात बघ, गणपतीत नको बघू." तिला पगार मिळायचा, स्वतःच्या पैशाने तिने मोबाइल घेतला होता, सकाळच्या गाडीने डबा घेऊन निघायची. झटका येणारी पोर ही तिची गावातली ओळख पुसून आखणीवाली झाली होती. ही नवी ओळख गेली असती तर सगळंच गेलं असतं, हे तिलाही माहीत होतं, आम्हालाही.

त्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी गोळी थोडी बदलली. सकाळी एक, संध्याकाळी दीड. आता ती अर्धी गोळी करणं आईला जमेना. ती विळीवर कापायची, एक तुकडा मोठा, एक बारीक, बाकीचा भुगा. मी ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं. आम्ही कंपनीत मिलिग्रॅमसाठी भांडतो आणि इथे विळी. शिवाय आईला अक्षर येत नाही, आणि मेडिकलवाला कधी हिरवी पट्टी द्यायचा, कधी निळी.

म्हणून मी ते काम अंगावर घेतलं. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणायच्या. सगळ्या पट्ट्या फोडायच्या. ब्लेडने बरोबर मधोमध अर्ध्या करायच्या. मग पुड्या बांधायच्या, आम्ही लॅबमध्ये पावडरीच्या बांधतो तशा, चार घड्यांच्या. सकाळची पांढऱ्या कागदात, संध्याकाळची वर्तमानपत्राच्या. आईला वाचायचं कामच नाही, कागद बघून द्यायची. सगळ्या पुड्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. डबा कुठे ठेवायचा तेही मीच सांगितलं. मिठाच्या रांजणावर. दोन्ही वेळेला चूल पेटवली की आईचा हात मिठाकडे जातोच, तेव्हा पुडी दिसेल आणि विसरणार नाही. आईला पटलं. एवढी चांगली युक्ती मला सुचल्याबद्दल मी परत येताना गाडीत स्वतःवर खूश होतो.

थंडी गेली, उन्हाळा गेला. सगळं ठीक होतं. ज्येष्ठात मी पुढच्या तीन महिन्यांच्या पुड्या बांधून आलो.

आषाढात पुन्हा झटका आला. घरी, सकाळी, दात घासताना. आठ दिवसांनी दुसरा, स्टेशनच्या वाटेवर. कारखान्यात कुणाला कळलं नाही, पण कपाळाला खोक पडली होती ती लपेना. तिने घसरून पडले म्हणून सांगितलं. पावसाचे दिवस, कुणीही घसरतं. ते दिवस कारखान्यात मरणाच्या घाईचे असतात, सुट्टी मागायची सोय नव्हती.

मी आलो आणि आईला विचारलं, गोळी चुकली का? ती म्हणाली, नाय. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, रोज देतंय, माझ्या समोर पाण्यासंगं गिळते. मग बहिणीला विचारलं, थुंकतेस का? ती रागावली. मला वाटलं, ठीक आहे, बोलण्यात अर्थ नाही. मोजू.

पेणच्या डॉक्टरांना सांगून मी तिचं रक्त काढवलं. सकाळची गोळी द्यायच्या आधी, रिकाम्या पोटी, जसं काढायला हवं तसं. मी स्वतः तिच्याबरोबर बसलो होतो. नमुना मुंबईला गेला. त्याच आठवड्यात मी डब्यातल्या वीस सकाळच्या पुड्या उचलून कंपनीत नेल्या. साहेबांची परवानगी काढली, नवीन मुलांना सराव दाखवतो म्हणून वहीत लिहिलं आणि रविवारी दुपारी गोळ्या तपासायला बसलो.

इथे एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खलात गोळ्या घातल्या आणि बत्ता फिरवला, तर त्या फुटेनात. कार्बामॅझेपिनची गोळी बत्त्याखाली लगेच चुरते. या दगडासारख्या सरकत होत्या. मला मनगटातून जोर लावावा लागला. माझ्या हाताला ते कळलं. हात वीस वर्षं हेच करत होता, त्याला कळणारच. मी क्षणभर थांबलोसुद्धा. मग जास्त जोर लावला, पूड केली, अल्कोहोलमध्ये टाकली, गरम केली, गाळली आणि उजेड सोडला. आकडा आला नव्व्याण्णव आणि थोडं वर. गोळी पास.

मुंबईचा कागद चार दिवसांनी आला. रक्तात औषध हवं त्याच्या निम्म्याहून कमी.

दोन कागद शर्टाच्या खिशात घालून मी घरी गेलो. आई तांदूळ निवडत होती. मी कागद तिच्या सुपावर ठेवले. तिला वाचता येत नाही हे मला माहीत होतं, तरी ठेवले. म्हणालो, हा गोळीचा कागद आणि हा रक्ताचा. आणि मग जे म्हणालो ते असं, "आये, गोळीत औषध हाय. रक्तात नाय. मधे फक्त तुझा हात हाय."

तिने सूप बाजूला ठेवलं. उठली, आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत रिकाम्या पुड्यांचे कागद होते. दिवाळीपासूनचे सगळे. पांढरे वेगळे, वर्तमानपत्राचे वेगळे, घड्या पाडून, सुतळीने बांधून. मी मागेन म्हणून तिने ठेवले होते. कागद टाकवत नव्हते तिच्याच्याने, कारण ते मी बांधले होते.

"मोज," ती म्हणाली.

मी मोजले नाहीत. रिकामा कागद काय सांगणार, म्हणालो. गोळी तोंडात गेली की चुलीत पडली हे कागदावर लिहिलेलं नसतं. माणूस खोटं बोलतो, रक्त बोलत नाही, हेही म्हणालो. बहीण दारात उभी होती, ती म्हणाली, "दादा, मी गिळते रे." मी तिला म्हणालो, तू मधे पडू नकोस. आईने सुपातले कागद उचलून माझ्या हातात दिले, पिशवीचं तोंड बांधलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. मला वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प बसली. इतका मी हुशार.

त्याहून वाईट पुढे आहे. पेणच्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद बघून मला विचारलं की डोस वाढवायचा का. मला विचारलं, कारण मी या धंद्यातला. ते म्हणाले, गोळ्या नेमाने दिल्या जात असतील तर वाढवू. मी म्हणालो, "नको डॉक्टर, आईकडून चुकतंय. आधी नेम लावतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढं सोपं होतं ते. मी हो म्हणालो असतो तर त्यांनी लिहून दिलं असतं, नव्या पट्ट्या आल्या असत्या, नव्या पुड्या झाल्या असत्या, निदान काही दिवस तरी ताज्या गोळ्या पोटात गेल्या असत्या. मी त्याच डब्यातल्या जुन्या पुड्या पुढे चालू ठेवल्या. उलट आईला दम दिला की एकही पुडी वाया गेलेली चालणार नाही.

श्रावणात, गणपतीला वीसेक दिवस असताना, दुपारच्या जेवणानंतर कारखान्यात तिला झटका आला आणि तो थांबेना. एक ओसरायचा तोवर दुसरा. तिला टेम्पोत घालून पेणच्या हॉस्पिटलात नेलं, तिथून मुंबईला. रस्त्यातही चालूच. वडखळला गाड्या तुंबलेल्या. मी रोह्याहून निघालो तो थेट मुंबईला पोचलो, तेव्हा ती नळ्यांमध्ये होती आणि झटके औषधाने थांबवलेले होते. डॉक्टर म्हणाले, फार वेळ गेला, मेंदूला मार बसलाय. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

महिन्याने तिला घरी आणली. उजवा हात खांद्यापासून लोंबतो, बोटं आत वळलेली. शब्द दहाबारा उरलेत. पाणी, नको, आय, दादा, असे. पहिल्यापहिल्यांदा व्यायाम देणारी बाई यायची, तिने ओल्या पिठाचा गोळा दाबायला दिला, तोही हातातून पडायचा. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत जे येईल ते येईल. सहा महिन्यांत काही आलं नाही.

तिचं सामान आणायला मी कारखान्यात गेलो होतो. मालक भला माणूस, त्याने चहा दिला. तिची ओळ बारा मूर्तींची होती. सात मूर्तींचे दोन्ही डोळे झालेले, आठवीचा एक. मालकाने त्या ओळीतल्या सगळ्या डोळ्यांवर पुन्हा अंगाचा रंग मारला होता, कारण अर्ध्या ओळीत दुसऱ्याचा हात घालता येत नाही. नवीन आखणीवाल्याने सगळे डोळे पहिल्यापासून काढले होते. चांगले होते. मी तिचा डबा, ओढणी आणि ब्रशांचं पाकीट घेऊन बाहेर आलो आणि पेण स्टेशनवर गाडीची वाट बघत बसून रडलो. लोक बघत होते.

तेव्हाही मला माहीत नव्हतं. तेव्हाही मी मनातल्या मनात आईला दोष देत होतो. तोंडाने म्हणायचो, जाऊ दे, झालं ते झालं. हे असं माफ करणं शिवीपेक्षा वाईट असतं, आणि आईला ते बरोबर कळत होतं.

कळलं ते पुढच्या पावसाळ्यात. आमच्याकडे कंपनीत एक कपाट असतं, त्यात ऊब आणि दमटपणा मुद्दाम जास्त ठेवतात आणि गोळ्या महिनोन्‌महिने ठेवून बघतात की किती टिकतात. ते कपाट बिघडलं. साहेब जुन्या वळणाचे, म्हणाले, दुरुस्तीवाला येईपर्यंत जुन्या पद्धतीने करा. जुनी पद्धत अशी की काचेचं झाकणाचं भांडं घ्यायचं, तळाला मीठ ओतायचं, त्यात ते भिजून जाईल एवढं पाणी घालायचं, वर जाळी ठेवायची आणि जाळीवर नमुने. ओल्या मिठावरची हवा ठरावीक दमट राहते, कमी नाही, जास्त नाही. साधं जेवणातलं मीठ. मी कॉलेजात शिकलेलं होतं ते. मीच मीठ ओतलं, मीच पाणी घातलं आणि वर जाळी ठेवायला गेलो.

पावसाळ्यात आमच्या रांजणातल्या मिठाला पाणी सुटतं. रांजण बाहेरून ओला होतो, आई खाली फडकं घालते. लाकडी झाकण फुगतं. त्या झाकणावर पत्र्याचा डबा, डब्यात कागद, कागदात पट्टीतून बाहेर काढलेल्या गोळ्या. तीन महिने. कंपनीत सुईएवढ्या भोकासाठी बॅच अडवणारा मी, त्या पट्ट्या मीच एकेक करून फोडल्या होत्या. माझ्या हातातली जाळी तशीच राहिली. शेजारच्या मुलीने विचारलं, सर, बरं वाटत नाही का. मी तिला म्हणालो, हे पुरं कर, आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

कार्बामॅझेपिनची गोळी दमट हवेत पाणी धरते आणि आतून कडक होते, हे पुस्तकात आहे. औषध कुठे जात नाही, तेवढंच राहतं, म्हणून अ‍ॅसे बरोबर येतो. फक्त गोळी विरघळत नाही. मी ती खलात कुटली होती, अल्कोहोलमध्ये गरम केली होती. माझ्या बहिणीच्या पोटात खल नव्हता.

त्या रविवारी घरी गेलो. डबा अजून तिथेच होता. हॉस्पिटलने औषध बदललं होतं, आता पातळ औषध चमच्याने देतात, पण उरलेल्या पुड्या आईने टाकल्या नव्हत्या. मी त्यातल्या तीन पांढऱ्या घेतल्या. पेणच्या मेडिकलमधून त्याच कंपनीची ताजी पट्टी घेतली. कंपनीत पोटात गोळी कशी विरघळते त्याची नक्कल करणारं यंत्र असतं. सहा काचेची भांडी, अंगाएवढं ऊन पाणी, प्रत्येकात एक वल्हं सावकाश फिरत असतं. तीन भांड्यांत ताज्या गोळ्या सोडल्या, तीनमध्ये आमच्या. यंत्र चालू केलं आणि स्टूल ओढून समोर बसलो.

ताज्या गोळ्या काही मिनिटांत फुगून सुटल्या, पाणी गढूळ झालं. आमच्या तीन तळाशी बसून राहिल्या. वल्हं फिरत होतं, त्या जागच्या जागी जरा हलायच्या. तास झाला. मी पाणी काढून उजेडाखाली बघितलं. ताज्या पास. आमच्या तिन्ही नापास, जेमतेम पाव भाग सुटलेला, आणि भांड्याच्या तळाला गोळ्या अजून गोळ्याच होत्या, वरची रेघसुद्धा दिसत होती. सगळे आकडे बरोबर होते. गोळीचा बरोबर होता, रक्ताचाही बरोबर होता. मधे आईचा हात नव्हताच. मधे माझा डबा होता.

कागद काढला, सही करावी की नाही कळेना, केली आणि पुढच्या रविवारी गाडीत बसलो. कासूपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो. मला वाटत होतं, निदान हे तरी परत देता येईल. हात नाही, आखणी नाही, पण आईचं खरेपण तरी.

आई पडवीत बहिणीच्या केसांना तेल लावत होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मीठ, ओल, पट्ट्या मी फोडल्या ते, काचेच्या भांड्यात गोळी कशी बसून राहिली ते. डोस वाढवू नका असं डॉक्टरांना मीच सांगितलं तेही सांगितलं. कागद पुढे धरला. म्हणालो, "आये, तुझं काय चुकलं नव्हतं. एक पण गोळी चुकली नव्हती. माझ्यामुळं झालं."

ती तेल लावत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा पन कागदच आनलास ना."

मी म्हणालो, तेव्हाचा कागद अर्धा होता, हा पुरा आहे. माझ्याच कानाला ते लबाडीसारखं लागलं.

"माझं मन राखायला बोलतोस," ती म्हणाली. "मना म्हाइत हाय. चुकली होती माझी गोळी. आषाढात पलीकडच्या वाड्यात लगीन होतं, मी हळदीला गेले, सांजची पुडी तशीच ऱ्हायली. आठवतंय मना."

आषाढात आमच्याकडे लग्नं होत नाहीत. त्या वर्षी झालं नाही, कधीच होत नाही. मी तसं म्हणालो. ती म्हणाली, मग ज्येष्ठात असेल, पण चुकली होती. तिने मला सांगितलं की हळदीला कोण कोण होतं, तिने कुठलं लुगडं नेसलं होतं, परत आली तेव्हा पोर उपाशी बसली होती. ते सगळं तिला दिसत होतं. वर्षभर मी तिला माफ करत होतो, आणि वर्षभर ती माझ्या कागदाला शोभेल अशी चूक शोधत होती. ती तिला सापडली होती. पुड्यांचे कागद कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, चुलीत घातले, काय करायचे. मी आणखी बोलायला गेलो तर म्हणाली, पुरे, पोर ऐकते.

बहीण ऐकत होती की नाही, सांगता येत नाही. ती डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून उलगडत होती, सोडली की ती पुन्हा वळत होती.

उन्हं उतरली. औषधाची वेळ झाली. आईने बाटली आणली, आता ती कोरड्या कपाटात असते, हलवली, चमचा भरला. मग चमचा बहिणीच्या तोंडाकडे न नेता माझ्यापुढे धरला. हे ती पोर हॉस्पिटलातून घरी आल्यापासून करते. मी असलो तर मला, नसलो तर शेजारणीला, कुणीच नसलं तर वाटेने जाणाऱ्याला हाक मारते. कुणीतरी बघितल्याशिवाय ती पोरीला औषध देत नाही.

"बघ हां," ती म्हणाली. "काठापरेंत हाय ना? देतंय आता."

मी म्हणालो, आये, मला दाखवायची गरज नाही गो. ती चमचा तसाच धरून उभी राहिली. एक थेंबही सांडला नाही. बहिणीने तोंड उघडून ठेवलं होतं.

"बघितलं," मी म्हणालो. तेव्हा तिने दिलं.